ब्लूबेरी, बोर आणि खानदेशची काळी माती

जळगाव-धुळ्यातली ओळखीची माणसं हल्ली मला विचारतात, ऑनलाइन मागवलेलं ब्लूबेरीचं रोप अंगणात लावलं, खतपाणी केलं, तरी पानं पिवळी का पडली? उत्तर मातीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून आपली काळी माती झाली. तिच्यात चुना भरपूर, सामू बहुधा ७.५च्या वर. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची आंबट जमीन लागते. आपल्या मातीत लोह असूनही तिच्या मुळांना ते घेता येत नाही.

अमेरिकेतही हे रानझुडूप माणसाळत नाही असाच समज होता. तिथल्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली आपले प्रयोग छापले. बागेची सुपीक माती आणि चुना, म्हणजे आपण ज्याला चांगली जमीन म्हणतो तीच या झुडपाला मारते, असं त्यांना आढळलं. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं, रानात बेरी वेचणाऱ्यांकडून मोठ्या फळांची झुडपं शोधून घेतली, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. हौस असेलच तर कमी थंडीवर भागणारी जात घ्या. मोठी कुंडी, कोकोपीट, थोडं गंधक आणि साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. बोअरचं पाणी सामू पुन्हा वर नेतं. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका. मे महिन्यात मात्र तिला सावलीच द्यावी लागेल.

इतिहासात बागा म्हटलं की बादशहा आठवतात. फिरोजशाह तुघलकाने दिल्लीभोवती १२०० बागा लावल्याचं शम्स सिराज अफीफ लिहितो. याच फिरोजशाहाने १३७०च्या सुमारास मलिक राजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली, त्यातून फारूकींचं खानदेश उभं राहिलं. आजच्या शिरपूर तालुक्यातल्या या जहागिरीत आपल्याच रानमेव्याचं नाव यावं, हे मला भारी आवडतं.

बोराला मात्र बादशहा लागला नाही. चुनखडी, ऊन, पाण्याची ओढ, सगळं ते सोसतं. जळगावच्या मेहरूणने तर त्याची जातच नावारूपाला आणली. उमराण, कडाका यांच्या जोडीला मेहरूण हे नाव फळबागांच्या पुस्तकांत येतं. त्या बागांच्या बऱ्याच जागी आता कॉलन्या आहेत.

आणि बोर आमच्या घरात फक्त खायला येत नाही. पैगंबरांच्या (स.) लेकीच्या निधनानंतर गुस्ल देणाऱ्या स्त्रियांना पाणी आणि सिद्रचा पाला वापरायला सांगितल्याची हदीस उम्मे अतिया (र.) यांच्याकडून येते. अरबस्तानातलं सिद्र हे आपल्या बोरीचं सख्खं भावंड. म्हणून मय्यतीच्या पाण्यात आपल्याकडे बोरीचा पाला उकळतात. याच झाडाची फळं संक्रांतीला शेजारच्या घरी सुगडात आणि लेकराच्या बोरन्हाणात जातात. पूर्वी पाला परसात मिळायचा. आता घरात मय्यत असताना कुणाला तरी स्कूटरवर पाठवून शहराबाहेरून आणावा लागतो, आणि तेव्हा वाट पाहणं फार जड जातं.

तर परसात एक बोर लावा. पण मोठं रोप उपटून आणू नका. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि दुखावलं की झाड खुरटतं. पावसाच्या तोंडावर खड्ड्यातच गावठी बोराच्या तीन-चार बिया टाका, जोमदार रोप तेवढं ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्यावर मेहरूणचा डोळा भरा. डोळ्याखाली फुटणारे धुमारे काढत राहा, नाहीतर गावठी फांदीच झाड व्यापून टाकते. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून झाड मोठं झालं की उन्हाळ्यात पानगळीच्या वेळी छाटणी करा. पहिली दोन वर्षं भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण हवंच. मोहल्ल्यातल्या शेळ्यांना हा पाला ब्लूबेरीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.