सिंगापूरची बादली, नळ आणि डास

सिंगापुरात राहतो असे सांगितले की गावाकडच्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. तिथे रस्त्यावर थुंकले तर दंड किती? च्युइंगम खरंच विकत मिळत नाही का? आणि चार प्रश्नांनंतर निष्कर्षही ठरलेला असतो, "आपल्याकडे असा एक कडक माणूस पाहिजे बघ!" ली क्वान यू कडक होते यात वाद नाही. पण ते १९५९ साली पंतप्रधान झाले, तेव्हा या गावाच्या नगरपालिकेचे लोक सत्तर वर्षे गटारे उपसत, संडासांच्या बादल्या मोजत आणि डासांच्या मागे धावत होते. या कामाची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात नायक नाही. आज ती सांगायचा विचार आहे. थोडी घाण वाटेल, तेव्हा जेवताना वाचू नका.

१९०१ साली सिंगापूरची वस्ती होती सव्वादोन लाखांच्या आसपास. आजच्या हिशेबाने आपल्याकडचे एखादे मध्यम शहर. राज्य इंग्रजांचे, व्यापार चिन्यांचा, आणि अंगमेहनतीची कामे चिनी, तमिळ, मलय अशा सगळ्यांची. गावातले बरेच जुने रस्ते आणि इमारती तर आपल्या देशातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी बांधलेल्या. १८२५ पासून हे कैदी इथे येत होते आणि १८७३ साली शेवटच्यांना अंदमानला हलवले गेले.

गावात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे. तोंडाला अरुंद, आत मात्र लांबच लांब, आणि पाठीला पाठ लावून दुसऱ्या रस्त्याची घरे. मधल्या खोल्यांना खिडकी नाही. वरच्या मजल्यावर फळ्यांची पार्टिशने ठोकून खुराडी केलेली, एकेका खुराड्यात कितीतरी हमाल आणि रिक्षावाले. आपल्या गिरणगावातल्या खोल्या आठवा, आणि त्यांच्या खिडक्या बुजवून टाका.

अशा गावात नगरपालिकेने पहिले काय करावे? पाणी. १८५७ साली तान किम सेंग नावाच्या चिनी व्यापाऱ्याने पाण्याच्या नळांसाठी १३,००० डॉलर दिले. मुंबईचे विहार तलावाचे काम तेव्हा चालू झालेले होते आणि १८६० मध्ये ते पुरेही झाले. सिंगापुरात मात्र योजना रेंगाळली आणि दिलेले पैसे मुरले. तलाव १८६८ साली बांधून झाला, पण पंप आणि नळ यायला आणखी दहा वर्षे गेली. धरण तयार आणि कालवे नाहीत, हा प्रकार आपल्याला नवा नाही! शेवटी त्या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ नगरपालिकेने १८८२ साली एक सुंदर कारंजे उभारले. ते आज एस्प्लनेड पार्कमध्ये आहे. पर्यटक त्यापुढे फोटो काढतात, पण ते कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पाण्यानंतर रस्ते. इथल्या दुकानांपुढे पाच फुटांची छपराखालची वाट असते, मूळची रॅफल्सच्या १८२२ च्या आराखड्यातली. उन्हापावसात लोकांना चालता यावे म्हणून. प्रत्यक्षात दुकानदारांनी त्यावर माल मांडला, फेरीवाल्यांनी चुली मांडल्या. (ओळखीचे वाटले ना?) १८८७ च्या नव्या कायद्याने नगरपालिकेला जास्त अधिकार मिळाले आणि १८८८ च्या फेब्रुवारीत तिने या वाटा मोकळ्या करायला माणसे पाठवली. दुकाने पटापट बंद झाली, दगडफेक झाली, ट्राम अडवल्या गेल्या. शेवटी तडजोड झाली: माणसाला जायला जागा राहील इतपत माल आत घ्यायचा. म्हणजे 'शिस्तप्रिय सिंगापूरकर' ही जात जन्माने शिस्तप्रिय नव्हती, हे नोंदवून ठेवा.

आता मुख्य विषय, मैला. घराच्या मागच्या बाजूला संडास, संडासाखाली बादली. मागच्या भिंतीला खाली एक छोटे दार. मैला उचलणारा ते दार उघडून भरलेली बादली ओढून घेणार आणि रिकामी सरकवणार. पण वर सांगितले तशी घरे पाठीला पाठ लावून असली तर मागे दार काढणार कुठे? मग बादली घरातून, स्वयंपाकघराजवळून, दुकानाच्या दर्शनी दारातून बाहेर जाई. सुरुवातीला हे काम पूर्ण खासगी होते. चिनी ठेकेदार मैला उचलत आणि भाजीच्या मळ्यांना खत म्हणून विकत. ते काम आपल्याकडे घ्यावे म्हणून नगरपालिकेला कित्येक वर्षे खटपट करावी लागली, कारण त्यात ठेकेदारांचे उत्पन्न होते आणि कर भरणाऱ्यांना जास्त खर्च नको होता.

या टप्प्यावर आपल्याशी संबंध असलेले एक पात्र येते. विल्यम सिम्पसन नावाचे डॉक्टर. हे आधी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने घरांत सोजीर घुसवले आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. त्या प्लेगने सगळ्या आशियातल्या बंदरांच्या नगरपालिका हादरल्या. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे काम सुरू झाले. सिम्पसन यांना सिंगापूरने बोलावले आणि १९०७ साली त्यांचा अहवाल छापला गेला. घरांचे नकाशे काढून त्यांनी दाखवले की इथे क्षय आणि मृत्यू घरांच्या आतल्या अंधारात आहेत. उपाय अगदी साधा: पाठीला पाठ लावलेल्या घरांच्या मधून बोळ काढा. त्या बोळातून हवा येईल, उजेड येईल, गटार जाईल आणि बादलीही.

बोळ काढायचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या मालकांच्या घरांचा मागचा तुकडा कापायचा. भरपाई द्यायची. एकेक बोळ म्हणजे पत्रव्यवहार, मोजणी आणि भांडण. म्हणून हे काम झटक्यात झाले नाही. १९२७ साली इथेही मुंबईच्या धर्तीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कायद्याने उभा राहिला आणि बोळ काढणे हे त्याचे मोठे काम होऊन बसले. तुम्ही कधी आलात तर जुन्या वस्तीतल्या मागच्या बोळांतून जरूर चालून पाहा. आता तिथे कॅफे आणि रंगवलेल्या भिंती आहेत. पण नीट पाहिलेत तर भिंतीच्या पायाशी बुजवलेली छोटी चौकोनी दारे काही ठिकाणी दिसतात. सिंगापूरचा खरा इतिहास मला त्या दारांत दिसतो.

डासांचा भाग मला इंजिनिअर म्हणून सर्वात आवडतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला. चार वर्षांत शेजारच्या मलायात माल्कम वॉटसन नावाच्या सरकारी डॉक्टरने क्लांग गावात दलदलीतले पाणी काढून टाकले आणि ताप उतरला. सगळ्यांना वाटले, कोडे सुटले. पण टेकड्यांवर हीच युक्ती फसली. झाडी तोडून ओढे मोकळे केले की ताप उलट वाढे! कारण तिथला डास वेगळा होता. अ‍ॅनोफिलीस मॅक्युलेटस नावाच्या या डासाला घाण, साचलेले पाणी नको असते, उन्हातले स्वच्छ वाहते ओढे हवे असतात. आपण सफाई करून त्याला घर बांधून देत होतो. (त्याच काळात ओळखलेल्या एका डासाचे शास्त्रीय नाव 'कारवारी' आहे. हो, आपल्या कारवारवरूनच. तो मलायातही सापडतो. कारवारची माणसे कुठे कुठे पोचली पाहा!)

उपाय पुन्हा गवंड्याचा. ओढ्याच्या तळाशी भाजलेल्या मातीचे पाइप टाकायचे, वर दगड भरायचे, म्हणजे पाणी जमिनीखालून जाईल आणि उन्हात उघडे पाणी राहणार नाही. सिंगापूरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, मिडलटन यांच्या खात्याने, १९११ पासून तेलोक ब्लांगाच्या टेकड्यांपाशी हेच सुरू केले. जिथे पाइप शक्य नव्हते तिथे पाण्यावर तेल फवारायचे. अळीला श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते, तेलाचा पापुद्रा असला की ती गुदमरते. आणि अंड्यापासून डास व्हायला इथल्या उष्णतेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून तेलाची फेरी दर आठवड्याला झालीच पाहिजे. एक आठवडा चुकला की पुढचा डास उडाला. आमच्या कारखान्यात याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात. नीट केले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून त्याचे बजेट कापायची सगळ्यांना घाई असते.

मुंबईतही त्याच सुमारास, १९११ साली, डॉ. बेंटले यांनी अहवालात दाखवले की शहरातला मलेरियाचा डास विहिरींत वाढतो. विहिरी झाकायच्या ठरल्या, तर धर्माच्या नावाने हरकती आल्या. डास वेगळा, पाणी वेगळे, पण नगरपालिकेचे दुखणे तेच: रोग सापडतो लवकर, घरमालकाची सही मिळते उशिरा.

सिंगापूरला १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त ठरवले. डेंग्यू मात्र आहे, २०२० साली ३५,००० वर रुग्ण झाले. त्यामुळे फेऱ्या आजही चालू आहेत. आमच्या घरीही पर्यावरण खात्याचा माणूस येतो, ओळखपत्र दाखवतो, बॅटरी घेऊन कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतो. आमच्या तुळशीखालची ताटली त्याने एकदा उचलून उन्हाकडे धरली, दोन मिनिटे पाहिली, पाणी ओतले आणि "थँक्यू आंटी" म्हणून गेला. आमच्या आईला ते फार लागले, "तुळशीत कसली घाण?" मी तिला सांगितले, डासाला ती तुळस आहे हे ठाऊक नसते.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले तो मुद्दा. बादल्या इथेही फार वर्षे चालल्या. भुयारी गटारांचे काम १९१० नंतर सुरू झाले, तरी नवी वस्ती वाढत गेली आणि बादल्याही राहिल्या. पुढे छत्तीस छोट्या दारांचे ट्रक आले, प्रत्येक दारामागे बादल्या. पोरे नाक धरून पळत. शेवटची बादली १९८७ साली उचलली गेली. म्हणजे या चकचकीत शहराची विमाने आणि संगणक सुरू झाल्यानंतरही माणूस माणसाची बादली वाहत होता. ती थांबली ती कोणाला उपरती झाली म्हणून नव्हे. घरोघर पाइप पोचला म्हणून थांबली.

आपल्याकडे याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला माणूस कोकणातला. अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केले आणि त्यांच्यासाठी गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी असे संडास बसवले की मैल्याचे खत व्हावे आणि कुणाच्या डोक्यावर टोपली येऊ नये. कायदा आपण १९९३ साली केला, पुन्हा २०१३ साली केला. तरी गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या येतातच.

फरक जातीचा आहे असे कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे. पण इथे नगरपालिकेची झाडलोट आणि गटारकाम तमिळ मजुरांकडे होते, त्यांत आदि-द्रविड बरेच. जात समुद्र ओलांडून इथेही आली होती. आजही पहाटे रस्ते झाडणारा माणूस बहुधा परदेशातून आलेला मजूर असतो. सिंगापूर त्या बाबतीत स्वर्ग नाही. फरक इतकाच की बादली उचलणाऱ्याचे काम संपवायचा खर्च कधीतरी अंदाजपत्रकात धरला गेला, आणि दरवर्षी धरला गेला.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "एक कडक माणूस पाहिजे" म्हणाले, तर त्याला आपल्या नगरपालिकेत जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगा. आरोग्य निरीक्षकाच्या किती जागा भरलेल्या आहेत? औषध फवारणीची फेरी शेवटची कधी झाली? आणि गटारात माणूस उतरू नये म्हणून लागणारे यंत्र आहे का, असले तर त्याला डिझेल आहे का? उत्तरे कंटाळवाणी असतील. पण सिंगापूर अशाच कंटाळवाण्या उत्तरांवर उभे आहे.