सोनाद्याची अळी

१८८९ साली बेल्जियमचे कीटकशास्त्रज्ञ सेलिस-लाँगशाँ यांच्यासमोर जपानमधला एक चमत्कारिक कीटक होता. धड चतुरासारखे दणकट. पंख मात्र टाचणी या त्याच्या नाजूक नातलग कीटकासारखे, चारही जवळपास सारखे आणि बुडाशी निमुळते. सेलिस यांनी पंखांना कौल दिला. टाचण्यांच्या बाजूलाच त्याच्यासाठी नवा विभाग मांडला आणि जातीला नाव दिले सुपरस्टेस, म्हणजे मागे उरलेला. सेलिस यांनी वंशाला दिलेले नाव आधीच दुसऱ्यासाठी वापरले गेलेले होते, म्हणून १९०३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट यांनी ते बदलून एपिओफ्लेबिया केले. पुढे या वंशावरूनच एपिओफ्लेबिइडी हे कुल ओळखले जाऊ लागले.

या वंशाचा दुसरा पुरावा हिमालयातला. दार्जिलिंगजवळच्या सोनादा गावाखालच्या ओढ्यात स्टॅन्ले केम्प यांना १९१८ मध्ये एक अळी मिळाली. केम्प कलकत्त्याच्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे. अळी मात्र तपासली कीटकशास्त्रज्ञ रॉबिन टिलयार्ड यांनी. त्यांचा लेख १९२१ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’च्या बाविसाव्या खंडात आला. टाचणीच्या अळीला शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. इथे ते नव्हते. म्हणजे सेलिस यांच्या प्रौढाचे पंख टाचणीकडे बोट दाखवत होते आणि ही अळी चतुराकडे. तरीही टिलयार्ड यांनी ती एपिओफ्लेबियाच ठरवली आणि जातीला चतुरांचे अभ्यासक लेडलॉ यांचे नाव देऊन लेडलॉई केले. हिमालयातला प्रौढ कोणी पाहिलेला नसताना असे नाव देणे धाडसाचेच. पण लेखाच्या शीर्षकातच ‘हिमालयातील अळी’ असे म्हटले आहे. हाती काय आहे, हे टिलयार्ड यांनी लपवलेले नाही.

मग मोठी पोकळी. ती किती मोठी, हे स्योजिरो असाहिना यांच्या १९५८ मधल्या टिपणाच्या शीर्षकावरून कळते: लेडलॉईच्या अळीचा ‘पुनर्शोध’. पुन्हा सापडली ती अळीच, प्रौढ नव्हे. जपानी जातीच्या शरीररचनेवर १९५४ मध्ये मोठा ग्रंथ लिहिलेला हा माणूस. तुलना करायला त्याच्याइतका अधिकारी दुसरा नसावा. १९६१ मध्ये त्यांनी शीर्षकातच प्रश्न टाकला: लेडलॉई ही खरोखर वेगळी जाती आहे का?

आणि १९६३. असाहिना प्रौढाचे वर्णन देतात, पण शीर्षकात ‘संभाव्य’ हा शब्द घालून. माझ्या मते साऱ्या दप्तरातला हा सर्वांत मोलाचा शब्द. अळी पाळून तिच्यातून प्रौढ बाहेर पडताना पाहिला, तरच दोन्ही एकाच जातीचे हे निःसंशय म्हणता येते. तसा पुरावा हाती नसावा, हा माझा तर्क. निश्चित एवढेच, की लेडलॉई हे नाव त्यांनी कायम ठेवले. अळीच्या वर्णनापासून इथवर बेचाळीस वर्षे गेली होती.

२०१२ मध्ये असाहिनांचा प्रश्न परत आला. जपान, नेपाळ आणि चीनमधल्या नमुन्यांचे जनुकीय क्रम ताडून पाहिले, तर फरक फारच थोडा निघाला. अंतर हजारो किलोमीटरचे असूनही. त्याच वर्षी चीनच्या सिच्वानमधून याच वंशातली डायाना ही नवी जाती वर्णिली गेली. आधार पुन्हा अळीच.