आजीच्या ओसरीवर नातू

ब्लूज आणि रॅप ही मला आजी-नातवाची जोडी वाटते. 'जी. लव्ह अँड स्पेशल सॉस' या अमेरिकन त्रिकुटाचा पहिला अल्बम १९९४ साली आला. चाल ब्लूजची, बोलणे रॅपचे!

गंमत म्हणजे तो निघाला 'ओके' या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली. याच नावाने १९२० साली मॅमी स्मिथ यांचे 'क्रेझी ब्लूज' काढले होते. कृष्णवर्णीय गायिकेची ती ब्लूजची पहिली रेकॉर्ड मानतात. ती हातोहात खपली, तेव्हा कुठे कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांना दारे उघडली.

जी. लव्ह गोरा. दुसऱ्याची विद्या शिकू नये, असे माझ्यासारखा मास्तर कसा म्हणेल? पण विद्या घेतली की गुरूचे नावही घ्यावे. त्या रेकॉर्डवरचे जुने नाव वाचून निदान मॅमीबाई आठवाव्यात...