एकाच वळणावर, दोनदा

मागच्या पोस्टखाली एका वाचकाने विचारलं होतं, की मोटर रेसिंगमधल्या सुरक्षेचा इतिहास म्हणजे सेनाच्या मृत्यूचाच इतिहास नाही का? प्रश्न रास्त आहे. आयर्टन सेना 1994 मध्ये इमोलाला गेला आणि फॉर्म्युला वन बदललं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण माझ्या प्रबंधातलं जे प्रकरण सध्या मला झोपू देत नाहीये, ते त्याच्याच देशातलं, त्याच्याच शहरातलं आहे, आणि त्याबद्दल ब्राझीलबाहेर फारसं कोणी बोलत नाही.

साओ पाउलोचं इंटरलागोस सर्किट 1940 साली सुरू झालं. नावाचा अर्थ ‘तलावांच्या मधलं’. सुरुवातीला जवळजवळ आठ किलोमीटर लांब असलेला हा ट्रॅक 1990 मध्ये फॉर्म्युला वनसाठी कापून साधारण 4.3 किलोमीटरचा केला. लॅपच्या शेवटी झुन्साओ नावाचं हळू वळण येतं, तिथून गाड्या चढाला लागतात आणि फिनिशच्या सरळ रस्त्यापर्यंत वेग वाढतच जातो. या चढावर डावीकडे हलकासा बाक आहे : कुर्व्हा दो काफे. कोरड्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर इथे पाय उचलतही नाही, त्याच्या लेखी हे वळणच नाही. बाहेरच्या बाजूला मात्र लगेच भिंत, आणि भिंतीमागे प्रेक्षकांचे स्टँड. गाडी निसटली तर तिला थांबायला जागाच नाही.

9 डिसेंबर 2007. स्टॉक कार लाइट, म्हणजे 1979 पासून चालत आलेल्या ब्राझीलच्या स्टॉक कार स्पर्धेखालची दुसरी फळी. आपल्याकडे रणजी संघात जायच्या आधी पोरं जिथे खेळतात, तसं काहीसं. 26 वर्षांच्या राफाएल स्पेराफिकोची गाडी काफेला सुटली, टायरच्या कठड्यावर आदळली आणि उसळून परत ट्रॅकवर आली. मागून येणारी गाडी थेट त्याच्या बाजूला धडकली. स्पेराफिको वाचला नाही.

3 एप्रिल 2011. पुन्हा स्टॉक कारच्या बरोबरीने होणारी छोटी स्पर्धा, यावेळी कोपा मोंताना. पाऊस, चाकांमागे उडणारं पाणी, पुढचं धड दिसत नाही. 29 वर्षांचा गुस्ताव्हो सोंडरमान त्याच बाकावर भिंतीकडे गेला, परत ट्रॅकवर आला आणि मागच्या गाडीने त्याला बाजूने ठोकलं. तोही गेला.

दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला क्षणभर वाटलं, आपल्याच नोंदींत चुकून एकच घटना दोनदा टाकली की काय.

थोडं तांत्रिक सांगते, कारण सगळं इथेच अडलंय. गाडीच्या पुढच्या भागात चेपायला जागा असते. ते चेपणं धडकेची ऊर्जा खातं. दाराकडे अशी जागा ओंजळभरच. टायरचा कठडा धक्का सौम्य करतो खरा, पण तो रबर आहे, म्हणून गाडीला परत फेकूही शकतो. म्हणजे पहिली धडक सहसा मारत नाही, ती फक्त गाडीला आडवी करून रस्त्यात ठेवते. मारते ती दुसरी. टूरिंग कारच्या शर्यतीत गाड्या एकमेकींना चिकटून धावतात, तेव्हा ‘मागून येणारी’ कोणीतरी असतेच. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला ऑक्टोबर 2006 मध्ये मार्क पोर्टर असाच गेला : ट्रॅकवर अडकलेली गाडी, दारावर धडक.

मग काफेला धोका आहे हे आधी कोणालाच कळलं नव्हतं का? कळायला वाव होता. 2003 च्या ब्राझीलियन ग्रां प्रीमध्ये पावसात मार्क वेबरची जॅग्वार इथेच फुटली, तिच्या सुटलेल्या चाकावर फर्नांडो अलोन्सो आदळला, शर्यत थांबवली गेली. दोघंही वाचले. माझा अंदाज असा, की वाचले म्हणूनच ती घटना ‘विलक्षण शर्यत’ म्हणून लक्षात राहिली, इशारा म्हणून नाही. सर्किटचा परवाना सर्वोच्च श्रेणीचा होता. जिथे फॉर्म्युला वन चालतं तिथे बाकी सगळं चालेलच, असं गृहीत धरणं सोपं जातं. पण परवाना ट्रॅकला मिळतो, आणि अपघात ट्रॅक, गाडी आणि गर्दी या तिघांचा मिळून होतो. (माझ्या गाईडना हे वाक्य फार सोपं वाटतं. मला अजून याहून चांगलं सुचलेलं नाही.)

2011 च्या अपघातानंतर स्टॉक कारसाठी काफेला शिकेन टाकली, म्हणजे वेग तोडायला मुद्दाम केलेलं नागमोडी वळण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वन तिथे आलं, शिकेनशिवाय, पूर्वीसारखंच भरधाव. ती शर्यत मार्क वेबरने जिंकली.