काही होत नाही, घाल सीडी!

परवा शनिवारी माळ्यावरची खोकी काढताना दादाच्या (मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा) कॉलेजच्या सामानात उबुंटू ८.०४ ची सीडी सापडली. पुठ्ठ्याच्या पाकिटातली, पोस्टाने फुकट आलेली. २०११ पर्यंत कॅनॉनिकल कंपनी अशा सीड्या घरपोच पाठवायची. मी शाळेत होतो तेव्हा दादा ज्याला त्याला सांगायचा, "काही होत नाही, घाल सीडी. हार्ड डिस्कला हातसुद्धा लागत नाही."

आणि ते खरंच होतं. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाने २००० साली क्नॉपिक्स काढलं, ते लिनक्स सीडीवरून थेट मेमरीत चालायचं. ७०० एमबीच्या सीडीत दाबून बसवलेलं सुमारे २ जीबीचं सामान! उबुंटूची लाइव्ह आणि इन्स्टॉलची सीडी आधी वेगवेगळी असायची, ती जून २००६ च्या ६.०६ मध्ये एक झाली. ही आवृत्ती खरं तर एप्रिलमध्ये यायची होती, पण चाचण्या आणि डागडुजीसाठी मुद्दाम लांबवली.

पोस्टाने यायची ती स्थिर आवृत्ती. अल्फा-बीटा हवी तर स्वतः उतरवायची, सीडी जाळायची आणि चालवून बघायची. पटलं नाही तर सीडी काढा, मशीन होतं तसं. निदान समज तरी तसाच होता.

आता २००८ चा सप्टेंबर. उबुंटू ८.१०, ओपनसुसे ११.१, मॅन्ड्रिव्हा २००९ या सगळ्यांच्या चाचणी आवृत्त्यांत कर्नल २.६.२७ चे कच्चे अवतार होते. इंटेलचं गिगाबिट नेटवर्क कार्ड (ड्रायव्हर ई१०००ई) असलेल्या काही लोकांचं नेट अचानक गेलं. मशीन रीबूट केलं, तरी नाही. विंडोजमध्ये गेले, तरी नाही! कार्डावरच्या ज्या छोट्या मेमरीत त्याचा मॅक पत्ता आणि सेटिंग्ज असतात, तीच पुसली गेली होती. म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता मशीन अधू. लाइव्ह सीडी असो की इन्स्टॉल केलेलं, कर्नल तोच.

उबुंटूने चाचणी कर्नलमधून तो ड्रायव्हरच बंद केला. आधी संशय ड्रायव्हरवर, मग ग्राफिक्सवर. ऑक्टोबरमध्ये चोर सापडला तो भलताच: एफट्रेस. म्हणजे कर्नलमध्ये काय चाललंय ते बघायला बनवलेलं हत्यार!

झालं असं. एफट्रेस चालू कोडमधल्या ठरावीक पत्त्यांची नोंद ठेवतो आणि नंतर तिथलं कोड बदलतो. ड्रायव्हरचं सुरुवातीचं कोड एकदा चाललं की ती मेमरी मोकळी होते. मोकळा झालेला पत्ता मग कार्डाच्या त्या छोट्या मेमरीला मिळू शकतो. भाडेकरू बदलला, पण पोस्टमन जुन्याच नावाने दार ठोठावतोय. बरं, एफट्रेस बेफिकीर नव्हता, "इथे जुनंच कोड असेल तरच बदल" असं तपासूनच लिहायचा. पण त्यासाठी जी प्रोसेसरची सूचना वापरली होती (सीएमपीएक्सचेंज), ती तुलना फसली तरी जुनी किंमत परत लिहितेच. साध्या रॅमला त्याने काही फरक पडत नाही. फ्लॅशला पडतो.

हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. मीही ड्रायव्हरच लिहितो हो!

९ ऑक्टोबरला कर्नल २.६.२७ आला तो त्या मेमरीला कुलूप लावून. १५ तारखेला २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद झाला. ३० ऑक्टोबरला उबुंटू ८.१० स्थिर म्हणून बाहेर पडलं आणि लाखो लोकांनी निवांत वापरलं. ज्यांनी सप्टेंबरात स्वतःच्या मशीनवर कच्चा माल चालवला, त्यांच्यातल्या काहींना मात्र कार्ड दुरुस्त करत बसावं लागलं. अशांना आपल्याकडे सर्रास "रिकामटेकडे" म्हणतात, त्याचा मला राग येतो.

रात्री दादाला फोन करून सगळं ऐकवलं. म्हटलं, तू तर छातीठोकपणे सांगायचास, काही होत नाही म्हणून.

"मला काय होणार," दादा म्हणाला, "माझ्याकडे रिअलटेकचं कार्ड होतं."