उंटांमागून गेलेली माणसे

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियात गेला, तो तिकडेच राहिला आणि आता मालाचा ट्रक चालवतो. पोर्ट ऑगस्टा बंदरापासून वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत बाराशे किलोमीटर त्याची खेप असते. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "गुरुजी, तिकडे एक मोठी थाटाची आगगाडी आहे. पण नाव काय, तर घॅन! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली घाणच आठवली."

घरातली सगळी मंडळी हसली. पण मास्तरकीची खोड जाते थोडीच? मी म्हटले, "अरे, 'अफगाण' या शब्दाचा तो तुकडा, असे मानतात. तुझाच धंदा करायला दीडशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या माणसांचे ते नाव." त्याला सांगितली तीच हकीकत, वाचकहो, तुम्हांलाही सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात कोरडे माळरान पसरले आहे. घोडे आणि बैल तिथे पाण्यावाचून हटत. म्हणून १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून २४ उंट आणि त्यांना हाकणारी माणसे नेली. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती! १८६६ साली टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने आणखी शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले उतरवले. पुढच्या पन्नाससाठ वर्षांत अशी दोन ते चार हजार माणसे गेली. त्यांत पठाण होते, बलुची होते, सिंधी आणि पंजाबी होते. गोऱ्यांच्या लेखी मात्र सगळे सरसकट 'अफगाण'. करार बहुधा तीन वर्षांचा असे.

दांडगा नर उंट पाचसहाशे किलो ओझे उचली. १८७० ते १८७२ या काळात ॲडलेडपासून डार्विनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर तारायंत्राची ओळ टाकली गेली, तिचे सामान उंटांनीही वाहिले. खाणींना पाणी, शेतमळ्यांना पीठ आणि चहा, परतताना लोकरीचे गठ्ठे! पुढे रेल्वेचे रूळ पडू लागले, त्यांच्या कामाचे सामानही उंटांच्याच पाठीवर.

असा देश ज्यांनी जोडला, त्यांना त्या देशाने घरात घेतले का? मारी गावात रुळाच्या एका बाजूला गोरे राहत. दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि तिथले मूळ रहिवासी. स्मशानातही वाटण्या! मायदेशाहून बायको आणण्याची सोय नव्हती. १९०१ साली कायदा झाला : परक्याने युरोपातल्या कोणत्याही भाषेत पन्नास शब्द उतरवून दाखवावेत. भाषा निवडायची अधिकाऱ्याने! मी जन्मभर मुलांना शुद्धलेखन घातले, पण मूल नापास व्हावे म्हणून घातलेले शुद्धलेखन हे पहिलेच. १९०३ च्या कायद्याने आशियातल्या माणसांना नागरिकत्वही बंद झाले.

मग मोटारट्रक आले. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात भटके उंट मारण्याचा कायदा झाला. पोटच्या पोरासारखे सांभाळलेले जनावर मारवेना, म्हणून कित्येकांनी ते रानात सोडून दिले. त्यांची पिलावळ आजही तिथे मोकळी हिंडते. १९२९ साली आगगाडी ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली आणि उंटवाल्यांची उरलीसुरली भाकरीही गेली.

बेजा दरवेश हा त्यांतलाच एक बलुची. १८९६ च्या मोहिमेत त्याने इतकी इमानाने सोबत केली, की म्होरक्या वेल्सने आपले होकायंत्र त्याला देऊन टाकले. १९५७ साली तो वारला, तो मारीलाच. माणसाला माणसाची किंमत कळली होती; कळली नव्हती ती कायद्याला.

माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. त्याची नवी नवरी पुढच्या महिन्यात तिकडे जायची होती. तिचे कागद त्याच्या खिशातच होते. ते त्याने एकदा चाचपून पाहिले.

"गुरुजी, मारी माझ्या रस्त्यावर नाही," तो उठताना म्हणाला, "पण एकदा वाट वाकडी करून जाईन. दोघंही जाऊ."

माझ्या पत्नीने त्याच्या हातात लाडवांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "तिलाही सांग हो ही गोष्ट."