यादी कीं कप्पे?

वस्तु कोठें ठेवावी म्हणजे ती चटकन् सांपडेल, हा प्रश्न प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. गणकयंत्रें निर्माण झालीं तेव्हां तोच प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला, आणि त्याला दोन उत्तरें मिळालीं.

पहिलें उत्तर अगदीं सरळ. नोंदी येतील तशा एकापुढें एक मांडाव्या आणि हवी ती सांपडेपर्यंत आरंभापासून पाहत जावें. हा झाला क्रमहीन ‘अ‍ॅरे’. मांडणीचे श्रम येथें जवळजवळ नाहींत. परंतु नोंदी १००० असल्या तर एक शोधण्यास सरासरीनें सुमारें ५०० वेळां तपासणी करावी लागते, आणि ती नोंद मुळांतच नसेल तर पुऱ्या १००० वेळां.

दुसरें उत्तर सन १९५३ च्या जानेवारींत पुढें आलें. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनींत काम करणारे, जन्मानें जर्मन असलेले हान्स पेटर लून यांनीं कंपनींतल्या एका टिपणांत असें सुचविलें कीं, नोंदीवरूनच गणित करून तिच्या कप्प्याचा क्रमांक काढावा. मूळ संख्येनें भागून उरलेली बाकी हाच क्रमांक मानण्याची कल्पना १९५६ सालीं आर्नल्ड ड्यूमी यांनीं मांडली. समजा, भाजक ११ आहे. ५८ ला भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून ५८ ची जागा तिसऱ्या कप्प्यांत. या योजनेस पुढें ‘हॅश टेबल’ हें नांव रूढ झालें. हॅश म्हणजे बारीक चिरून एकत्र करणें!

पण ६९ चीही बाकी ३ च येते. असे प्रसंग विरळा नव्हेत. केवळ २३ माणसें जमलीं तरी त्यांतील दोघांचा जन्मदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. एका कप्प्यांतील नोंदींची सांखळी करावी, हा लून यांचा उपाय. पुढचा रिकामा कप्पा वापरावा, हा दुसरा. त्याचें विवेचन १९५७ सालीं वेस्ली पीटरसन यांनीं केलें, आणि रशियांत आंद्रेई येर्शोव्ह यांना तो स्वतंत्रपणें सुचला.

मग यादी टाकाऊ ठरली काय? मुळींच नाहीं. नोंदी दहापांचच असल्या, किंवा सर्वच क्रमानें वाचावयाच्या असल्या, तर साधी यादीच अनेकदां सरस ठरते. कप्प्यांना गणिताचा खर्च लागतो आणि कांहीं जागा रिकामी ठेवावी लागते.

शिवाय कप्प्यांची शीघ्रता ही संभवावर उभी आहे. २००३ सालीं स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनीं दाखवून दिलें कीं, एकाद्या दुष्टानें मुद्दाम एकाच कप्प्यांत पडतील अशा नोंदी पाठविल्या, तर सारें कोष्टक एक लांबलचक सांखळी होऊन बसतें आणि यंत्र कुंठित होतें. म्हणजे जिला टाळण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तीच यादी पुनः पुढें ठाकली! गणिताची रीत आगाऊ ठरवून न ठेवतां ऐनवेळीं यदृच्छेनें निवडावी, हा मार्ग कार्टर व वेगमन यांनीं १९७९ मध्येंच प्रसिद्ध केला होता; परंतु त्याची निकड पुष्कळांना संकट आल्यावरच पटली.

तात्पर्य, निवड करतांना दोन प्रश्न विचारावे: नोंदी किती, आणि त्या कोणाच्या हातून येणार? पहिला प्रश्न सारेच विचारतात. दुसरा विसरला कीं घात होतो.